अख्खे तांदूळ

माझ्या नाकावर राग, हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. माहेर खालापूरकडचं, सासर कर्जतच्या खालच्या अंगाला. लग्न झालं ते लढाईच्या दिवसांत. तांदळाला कधी नव्हे ती किंमत आलेली, आणि कांडताना कणी झालेली सासूबाईंना खपत नसे.

त्या वर्षी भाताची झोडणी उरकली आणि कासारणीबरोबर निरोप आला, की आईने अंथरूण धरलंय, सारखी तुझी आठवण काढते. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "भात कांडून झालं का जा." भात कांडून होतं का कधी? रोज खायचं, रोज कांडायचं. पण बोलायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मग मी सगळा राग उखळात काढायची.

एका उखळाला आम्ही दोघी, मी आणि थोरल्या जाऊबाई. एकीचं मुसळ वर, एकीचं खाली. मी असं आपटायची की मुसळाला मुसळ भिडायचं. सासूबाई सूप उन्हात धरून बोटाने तांदूळ पसरायच्या आणि माझ्या पोटातलं सगळं ओळखायच्या. "आज कुनाचा राग काढलास गं?" मग ती कणी शिजवून माझ्याच ताटात. एवढ्या मोठ्या घरात मला रागवायला हातभर जागा नव्हती. छाती धडधडायची.

जाऊबाईंना माझी दया आली. "मुसळ आपटू नको गं, नुसतं सोड. उचलताना दम घे, सोडताना दमपन सोड. आयेचं मनात आनू नको." मला आधी हसूच आलं. पण करून पाहिलं, आणि खरंच हात हलका झाला, धडधड थांबली. पुढेपुढे सुपात कणी शोधावी लागायला लागली. सून निवळली, असं सासूबाई आळीभर सांगत सुटल्या. माझ्या जाण्याचं नाव मात्र कुणी काढेना, आणि आता मलाही चिडून विचारता येईना.

एका सकाळी भाऊ न्यायला आला. मी गूळपाणी दिलं. सासूबाईंनी त्याच्यापुढे सूपच आणून ठेवलं.

"बघा, दाना मोडलेला नाय. मन थाऱ्यावर नसतं तर असं कांडलं असतं का? सुखात हाय तुमची बहीन. कामाच्या दिसांत कशाला नेता?"

भाऊही भातकरी घरातलाच. त्याने मूठभर तांदूळ हातावर घेऊन पाहिले आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. "आयेला सांगतो, पोर सुखात हाय. तेवढ्यानंच तिला बरं वाटंल," तो म्हणाला. मला ओरडायचं होतं. मला जायचं होतं. दम छातीपर्यंत वर आला आणि शिकवल्यासारखा खाली गेला.

भाऊ बांधापलीकडे दिसेनासा झाला, तशी जाऊबाईंनी मुसळ उचललं. त्यांच्या माहेरचं माणूस मी या घरात कधी पाहिलं नव्हतं. म्हणून विचारलं, "जाऊबाई, तुमचा भाऊ येत नाय का कधी?"

"यायचा ना," त्या म्हणाल्या. "मी तांदूळ मोडत व्हते, तवर यायचा."