कोपीला दार नसतं

शांताक्काला शिकवायची हौस कधीच नव्हती. सोलापूरच्या मिशन बोर्डिंगात ती सातवीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन अणदूरच्या पलीकडच्या वस्तीत आली. तिथं ख्रिस्ती घरं सहा आणि वाचता येणारी बाई ती एकटी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा सोलापूरहून एसटीनं यायचे. एका खेपेला जाता जाता म्हणाले, "शांताक्का, लेकरांची शब्बाथ शाळा तुम्ही घ्या." शब्बाथ म्हणजे विसाव्याचा वार, रविवार. ती बरं म्हणाली, आणि ते काम तिच्याच गळ्यात राहिलं.

तिचा नवरा तात्याराव विहिरी खोदायचा. बहात्तरच्या दुष्काळात दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होते, तेव्हा एक धोंडा घसरून तिच्या पावलावर आला. पाय वाचला, पण त्यातला जोर गेला. पुढं तात्याराव छातीच्या दुखण्यानं वारला. मूलबाळ नव्हतं. वस्तीतली माणसं साखर कारखान्यांना ऊस तोडायला जाऊ लागली, तेव्हा कोयता धरायला ती काही उपयोगाची नव्हती. ती मागं राहिली.

दिवाळी झाली की बैलगाड्या भरायच्या आणि वस्ती ओस पडायची. लेकरंही आईबापाबरोबर जायची. दिवाळीपर्यंत त्यांना बायबलातला मोशे चांगला पाठ झालेला असायचा, आणि उन्हाळ्यात परत आली की मोशे कोण, हेच ठाऊक नसायचं. शांताक्का पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दरवर्षी.

शहाऐंशी साली पाऊस नव्हता, ऊस करपला होता, त्यामुळं कारखाने लवकर बंद पडले आणि ऊसतोडीच्या टोळ्या उत्तम शुक्रवाराच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आधीच घरी आल्या. पाळकसाहेबांनी निरोप धाडला होता. शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी प्रभुभोजन होईल, सोलापूरचे एक वडीलधारे पाहुणे येतील, ते लेकरांना प्रश्न विचारतील. प्रश्नोत्तराच्या पुस्तकावरून तयारी करून घ्यावी.

त्याआधीच्या रविवारी शांताक्का पहाटेपासून टँकरच्या रांगेत होती. दोन घागरी मिळाल्या, त्या लंगडत घरी आणल्या आणि तशीच ती प्रार्थनेच्या खोलीत गेली. वर पत्रा, खाली शेण सारवलेली जमीन. पाच लेकरं बसली होती. पाचांच्या हातांवर उसाच्या पाल्यानं कापल्याचे ओरखडे. एकाला बसल्या बसल्या डुलकी लागली होती. त्याला तिनं उठवलं नाही.

"परभूभोजन येशूनं नव्यानं काढलं न्हाय," तिनं दरवर्षीच्या सुरात सुरुवात केली. "त्याच्या लई आधीपास्नं त्या लोकांत एक जेवण व्हतं. वल्हांडणाचं. का, तर ते लोक मिसर देशात गुलाम व्हते. दिवसभर विटा पाडायच्या."

"भट्टीवर?" एकानं विचारलं.

"तसंच समज. तर देव म्हणला, आज इथनं निघायचं. कंबर कसा, पायात वाहणा घाला, हातात काठी घ्या, आन् उभ्या उभ्या जेवा. पीठ फुगायला येळ न्हवता म्हणून बिगरखमिराची भाकर. आपल्या जवारीच्या भाकरीसारखीच."

वस्तीतल्या मुक्ताबाईची लेक अयोध्या आठनऊ वर्षांची होती. ती एकदम म्हणाली, "आमी बी तसंच निघालो."

"कुठनं?"

"पैल्या उसाच्या फडावरनं. मुकादम म्हणला, फड संपला, आत्ताच्या आत्ता गाड्या भरा. आईनं मळल्यालं पीठ तसंच फडक्यात बांधलं."

शांताक्कानं मान हलवली आणि पुढं गेली. हा धडा इतक्या वेळा सांगितला होता, की जीभ आपली आपण चालत होती. कोकरू कसं कापलं, त्याचं रक्त दाराच्या चौकटीला कसं लावलं, रक्त दिसलं त्या घरावरून मरण कसं पुढं निघून गेलं, आणि ज्या दारावर ते नव्हतं, तिथला पहिला मुलगा कसा मेला.

अयोध्या ऐकत होती. मग म्हणाली, "कोपीला दारच नसतंय, अक्का."

ऊसतोड्यांची कोपी म्हणजे उसाच्या पाचटाचं खोपटं. पुढून उघडं.

"मग रगत कुठं लावायचं?"

तेव्हा कुठं शांताक्काला आठवलं. मुक्ताबाईचा गुलाब, अयोध्येच्या पाठचा, घरातला पहिला मुलगा, परत आलेल्या गाडीत नव्हता. तापानं गेला, एवढं तिला समजलं होतं. भेटून यायचं राहूनच गेलं होतं. पाणी, पाय, काही ना काही. ती पोरीकडं बघत राहिली.

"जावा आता," ती म्हणाली. "आज एवढंच."

संध्याकाळी ती मुक्ताबाईकडं गेली. मुक्ताबाई दारात बसून सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं पोतं पसरून दिलं.

"अयोध्यानं इचारलं मला," शांताक्का म्हणाली.

"मला बी इचारलं. म्या म्हणलं, अक्काला ठाऊक असंल." मुक्ताबाईनं सूप खाली ठेवलं. "काय सांगितलं तुमी?"

"काय न्हाय. घरी लावून दिलं."

"बरं केलं."

मग मुक्ताबाईनं तिला सगळं सांगितलं. फड बदलायच्या आदल्या दिवसापासून पोर तापलेलं होतं. थांबू द्या म्हटलं, तर मुकादम म्हणाला, टोळी एका पोरासाठी थांबत नसते. गाडीत उसाच्या वाढ्यांवर निजवलं होतं. वाटेतच ते गार झालं.

"बांधाच्या कडंला पुरलं. आतापतूर तिथं नांगर बी फिरला असंल."

"पिरार्थना केली कुणी?"

"कोण करणार? ह्यांनी टोपी काढली डोक्यावरची. तेवढंच."

शांताक्काला प्रार्थना करता आली असती. पण तिच्या अंगात त्राण नव्हतं आणि मुक्ताबाईनंही म्हटलं नाही. दोघी अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या.

मंगळवारी तिनं लेकरांना पुन्हा गोळा केलं. मिसर देश बाजूला ठेवला. प्रश्नोत्तराचं पुस्तकही उघडलं नाही.

"येशूला कळलं व्हतं," ती म्हणाली, "की आपल्याला धरून नेत्यात आन् ही आपली माणसं पांगत्यात. म्हणून त्यानं समद्यांला जेवायला बसवलं. भाकर मोडून ज्याला त्याला दिली. म्हणला, पुन्हा जमाल तवा असंच करा, माझी आठवण करा."

"आठवण करायला खायाचं?" अयोध्येनं विचारलं.

"व्हय."

"गुलाबला गूळ आवडायचा." मग ती म्हणाली, "आन् ते दाराचं?"

"ते मला ठाऊक न्हाय, बाई," शांताक्का म्हणाली. "खरंच ठाऊक न्हाय."

गुरुवारी संध्याकाळी खोली भरली. पाहुणे वयस्कर होते, मऊ बोलायचे. त्यांनी अयोध्येलाच पुढं बोलावलं.

"प्रभुभोजन कुणी स्थापलं, बाळ?"

"येशूनं."

"छान. कशासाठी?"

"सगळे पांगणार व्हते म्हणून."

पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला. पाळकसाहेब घाईनं म्हणाले, "आपल्या पापांच्या क्षमेसाठी," आणि लेकरांकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. मग भाकरीचं ताट फिरलं. मुक्ताबाईपुढं आलं तेव्हा तिनं हात मांडीवरच ठेवले. ताट थोडं थांबलं आणि पुढं गेलं.

सगळे गेल्यावर पाळकसाहेबांनी शांताक्काला थांबवलं.

"प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायला सांगितलं होतं मी."

"व्हय, साहेब."

"मग?"

"जमलं तेवढं केलं."

ते रागावले नाहीत. तिच्या सुजलेल्या पायाकडं बघून म्हणाले, "थकलाय तुम्ही. दुसरं कुणी बघू का?"

"बघा," ती म्हणाली, आणि तिला खरंच हलकं वाटलं.

पण दुसरं होतं कोण? पुढच्या रविवारी लेकरं आपली आपण तिच्या दारात येऊन बसली. तिनं दार उघडलं आणि पुन्हा सुरुवात केली.

पावसाळ्यात, पाळकसाहेब आले तेव्हा, मुक्ताबाईनं प्रभुभोजनाच्या ताटातली भाकर उचलली. दिवाळी झाल्यावर गाड्या भरल्या, आणि निघायच्या सकाळी ती अयोध्येचा हात धरून शांताक्काकडं आली.

"हिला औंदा नेत न्हाय. तुमच्यापाशी ठिवते. पाण्याला हुईल तुमच्या."

"शाळंत घालू का?"

"घाला." एवढं बोलून ती वळली. पोर रडली नाही, आईनंही मागं बघितलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी अयोध्या न्हाऊन, वेणी घालून तयार बसली. वस्तीत दुसरं एकही लेकरू उरलं नव्हतं. शांताक्का अजून वाकळेवरच होती.

"आज काय शिकायचं, अक्का?"

शांताक्कानं तिच्याकडं बघितलं. मग सरकून वाकळेवर तिच्यापुरती जागा केली.

"आज काय न्हाय," ती म्हणाली. "ये, पड जरा."

दोघी झोपल्या. ऊन घरात आलं तरी कुणी उठलं नाही.