विद्याधरपंतांची रविवारची रपेट

बोरिवलीच्या विद्याधरपंतांना पाय होते, पण त्यांचा उपयोग हापिसात जाण्यायेण्यापुरता. घरी आले की स्वारी आरामखुर्चीत पडे, ती पानं मांडल्याची हाक येईपर्यंत. आणि लिहीत काय? तर भटकंतीवर निबंध! 'रमतगमत चालण्याची कला', 'वाट चुकण्यातली मौज'! मासिकवाले छापत, वाचक माना डोलावत.

माल पुरवी बायको, वसुधा. संध्याकाळी ती वाड्यांमधून भाजी आणायला जाई आणि परतल्यावर शेंगा निवडता निवडता सगळं सांगे: बावडीपलीकडची वाकडी चिंच, धाकू माळ्याची गाऱ्हाणी, शेवंतीला आलेल्या कळ्या. पंत डोळे मिटून ऐकत. महिन्याभरात तेच छापून येई, फक्त चालणारा 'मी' पंतांचा. वसुधाला ते वाचायला वेळ कुठला?

पुस्तक निघायचं ठरलं आणि घात झाला. प्रकाशक जयवंतरावांचं पत्र आलं: "रविवारी येतो. तुमच्या वाटेवरून तुमच्याबरोबर एकदा चालू, मग छपाईला देऊ."

पंतांची बोबडीच वळली. जन्मात एक पुस्तक निघायचं, तेही पायांपायी अडणार! शेवटी म्हणाले, "वसू, तू भाजीला निघाल्यासारखी पुढे चाल. आम्ही मागून येतो."

"नवलच आहे बाई!" म्हणत वसुधा निघाली. ती वळेल तिथे पंत वळत. "इथे मला नेहमी थांबावंसं वाटतं," असं धापा टाकत सांगत. जयवंतराव खूश!

बावडीशी एक म्हातारा रहाट ओढत होता. जयवंतराव हरखले. "हाच ना धाकू? तुमचा रोजचा सोबती?"

"काय धाकू, बरं आहे ना?" पंतांनी ऐटीत हात वर केला.

धाकूनं त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि वसुधाला विचारलं, "वैनी, हे पावणे खंयचे?"

"पाहुणे कसले रे! आमचे हे," वसुधा म्हणाली. "कधी इकडे फिरकत नाहीत, तुला कसे ठाऊक असणार?"

पंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जयवंतराव हसले असते तरी परवडलं असतं.

"वहिनी," ते म्हणाले, "ती वाकडी चिंच कुठेशी?"

"ही काय, पुढेच. पण ती वाकडी का झाली ते आधी ऐका." वसुधानं भरलेली पिशवी मागे केली. "अहो, धरा जरा."

दोघं बोलत पुढे गेली. जयवंतरावांनी खिशातून वही काढली. पंत अळूची पिशवी सावरत त्या वाटेनं पहिल्यांदाच चालत होते, आणि चप्पल चावत होती.