काचेच्या बशीतला नितेश

मुलुंडच्या आमच्या प्रयोगशाळेत माणिकताई तावडे एकतीस वर्षं पेशी वाढवतायत. मूळच्या देवगडच्या, राहायला भांडुपला, जीभ फटकळ. मी एकदा दारावर लिंबू-मिरची टांगली, तर त्यांनी लिंबाचं सरबत केलं आणि मलाच पाजलं.

अशा बाईची चूक झाली ती दया येऊन. नितेश नावाच्या रुग्णाच्या मेंदूतल्या गाठीबरोबर निघालेला एक चांगला तुकडा त्याच्या संमतीने आमच्याकडे आला होता. आठवड्याभरात नितेश गेला. कागदांवर सही करायला त्याची बायको अक्षता आली, तेव्हा ताईंनी तिला पडद्यावर त्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशींची बशी दाखवली. दिवसभराचं चित्रण मिनिटभरात पळत होतं. काही पेशी सरपटत होत्या, काही आकसून पुन्हा फुगत होत्या. माझ्या अंगावर काटा आला. अक्षता मात्र हसली.

"काय खातात ह्या?"

"सोमवार-गुरुवार मी खायला घालते ना," ताई म्हणाल्या. आम्ही तसंच बोलतो.

मग अक्षता दर सोमवारी, गुरुवारी येऊन बसू लागली. चौथ्या खेपेला कळलं, तिने नवऱ्याचं दिवसकार्यच होऊ दिलं नव्हतं.

"जिवंत माणसाचं कोण करतं?" ती म्हणाली.

ताईंचा चेहरा उतरला. "नीट ऐक गं. विचार करणारे, आठवणारे न्यूरॉन पहिल्या दोन-तीन दिवसांतच मेले. ह्या ग्लिया, त्यांच्याकडे राबणाऱ्या. ह्या चांदणीसारख्या त्यांना अन्न पुरवायच्या. ह्या त्यांच्या तंतूंना वेष्टण गुंडाळायच्या. ही सरपटणारी मेलेलं खाऊन जागा साफ करते. ह्यात नितेश नाही."

"म्हणजे नितेशला हिनेच खाल्लं?"

ताईंनी पडदा बंद केला.

"टाकून द्या सगळं," अक्षता म्हणाली. "तरच मला त्याचं कार्य करता येईल."

"आजच टाकते."

पुढच्या गुरुवारी मी इन्क्युबेटर उघडला. बशी तिथेच होती, ताजा पोषकद्रव घातलेली. मी भडकलो. "ताई, शब्द दिलात तुम्ही तिला!"

"ओरडू नकोस रे. ब्लीचची बाटली हातात घेतली होती मी. ह्या चांदण्यांनी अजून हात पसरलेत, बघ. ज्यांच्यासाठी राबल्या ते गेले, हे ह्यांना सांगायचं कुणी? मला नाही जमणार."

सोमवारी ताई रजेवर होत्या. अक्षताचा फोन मीच घेतला. कार्य पार पडलं होतं. कितीतरी दिवसांनी ती शांत झोपली होती.

"टाकलंत ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. मग हातमोजे चढवले आणि पेशींना खायला घातलं.