दादाच्या गाडीतली खरखर

ऑपरेशनमध्ये दादाची अर्धी जीभ आणि जबड्याची एक बाजू काढली. जखम भरत आल्यावर डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं. आमच्याकडे त्याला ‘लाईट घेणं’ म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, रोज चांदवडहून नाशिकला जायचं. तिथंच खोली घेऊन राहू, असं मी सुचवलं, तर दादानं जोरात मान हलवली. त्याला रात्री स्वतःच्या घरात झोपायचं होतं. मग मी शाळेतून रजा काढली आणि त्याचीच गाडी चालवायला लागले.

ही गाडी तो वर्षानुवर्षं भाड्यानं फिरवायचा. लग्नाची पाहुणेमंडळी, दवाखान्यातून घरी निघालेल्या बाळंतिणी, त्र्यंबकेश्वरला पूजेला जाणारी कुटुंबं. डोळा लागू नये म्हणून तोंडात तंबाखू आणि समोर रेडिओ, दोन्ही कायम. मला गाडी त्यानंच शिकवली, तीही ओरडून ओरडून. आता तो माझ्या शेजारी बसायचा, नाकात अन्नाची नळी, मांडीवर टॉवेल. वहिनी मागे. मी चुकीचा गिअर टाकला तरी शेजारून शब्द यायचा नाही. त्या शांततेत गाडी चालवणं मला जड जायचं.

पहिल्याच दिवशी त्यानं हात पुढे करून रेडिओ लावला. नुसती खरखर. पिंपळगाव गेलं, ओझर गेलं, नाशिक आलं तरी खरखरच. मध्येच एखादा शब्द वर यायचा आणि बुडायचा.

“बंद करा ना ते,” वहिनी म्हणाल्या. “डोकं उठलं माझं.”

त्यानं बंद केला नाही. येतानाही तसाच चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी मी आडगावजवळ एका वायरिंगवाल्याकडे गाडी थांबवली. त्यानं एरियलची वाकलेली काडी काढून नवी बसवली. फरक पडला नाही. मग तो म्हणाला, “ताई, सेटच गेलाय. मोबाईलला जोडणारा नवा टाका, गाणी ऐका मस्त.”

दादानं त्याच्याकडे न बघता बोटानं खूण केली, चल.

रविवारी लाईट नसायची. तिसऱ्या रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेले तर दादा अंगणात गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. अंगात बनियन, गळ्याची कातडी भाजून काळी पडलेली. मला बघून त्यानं किल्ली माझ्या हातात दिली आणि अर्धीच फिरव, अशी खूण केली. इंजिन बंद, रेडिओ चालू. खरखर होती, पण कमी. मग त्यानं गाडी चालू करायला लावली. त्याबरोबर एक बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. त्यानं पायाकडे बोट दाखवलं. मी ॲक्सिलेटर दाबला तशी शिट्टी चढत गेली. दादा वाकून आत आला आणि मोबाईलचा चार्जर उपसून मागच्या सीटवर फेकला. शिट्टी गेली.

“अरे, हे आपल्या डोक्यातच आलं नाही!” मी म्हटलं. त्यानं हात उडवला. तुझ्या, माझ्या नव्हे, असं त्याला म्हणायचं असावं.

खरखर मात्र उरली होती. त्यानं एरियलच्या बुडाशी बोट टेकवलं, मग पत्र्यावरून हात फिरवला. मागच्या वर्षी एका ट्रकनं ती बाजू घासली होती, तेव्हा पत्रा ठोकून रंग मारला होता. मी नट सैल केला. खाली रंगाचा जाड थर आणि त्याच्याखाली गंज. एरियलला पत्र्याची अर्थिंगच मिळत नव्हती. त्यानं पॉलिश पेपर घेतला, पण थोडं घासलं की हात थरथरायचा. मी घेतला. तो माझ्या मनगटाला धरून दाब दाखवत राहिला. पत्रा चकाकल्यावर त्यानं मान डोलावली. शेवटी सेट बाहेर ओढून मागची एरियलची पिन पकडीनं किंचित दाबली, कारण ती सैल होती.

गावातच एक केंद्र लागलं. दुरून, पण लागलं. दादा सीटवर बसून राहिला. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती पुसायचंही त्याला भान नव्हतं.

सोमवारी पिंपळगावच्या पुढे आवाज अगदी लख्ख झाला. एक बाई शेंगोळ्यांची कृती सांगत होती. कुळथाचं पीठ, लसूण, तिखट, हातावर वळून उकळत्या पाण्यात सोडायचं. वहिनी एकदम पुढे वाकल्या.

“बदल गं ते. दुसरं लाव काहीतरी.”

मी हात पुढे केला, तर दादानं बटणावर स्वतःचा पंजा ठेवला. बाई शेवटपर्यंत बोलली. वरून कच्चं तेल घ्या आणि गरम गरम खा, म्हणाली. दादाचा गळा हलत होता. मग तो मागे वळला आणि वहिनींकडे बघत दोन्ही तळवे एकमेकांवर घासले. शेंगोळे वळतात तसे.

“कुणासाठी करू हो?” वहिनी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

त्या संध्याकाळी त्यांनी केले. दादा ताटलीवर तोंड धरून वाफ घेत बसला. गार झाल्यावर ताटली माझ्याकडे सरकवली. तो बघत होता म्हणून मी सगळे खाल्ले.

लाईट संपल्या. पुढच्या तपासणीत मानेच्या दुसऱ्या बाजूला गाठ निघाली. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “आता घरीच ठेवा. त्रास कमी राहील एवढं बघू.” दादाला मी काही सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.

त्यानंतर तो दिवसदिवस अंगणातल्या गाडीत बसायचा. काचा खाली, रेडिओ चालू. वहिनी नळीतून पेज द्यायलाही तिथंच जायच्या. बॅटरी जुनी होती. ती उतरेल, असं मी एकदा म्हणाले. त्यानं डोळे मिटून घेतले. मी पुन्हा बोलले नाही.

एका सकाळी वहिनींचा फोन आला. “लवकर ये गं, लय रक्त चाललंय.” मी पोचले तेव्हा दादा ओट्यावर होता आणि टॉवेल भिजून गेला होता. मी गाडीत बसून किल्ली फिरवली. टक असा आवाज आला, बस. शेजारच्या दोघांनी गाडी ढकलली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. शेवटी समोरच्या घरातला कांद्याचा पिकअप आला. मागच्या हौद्यात गोणपाटं टाकून दादाला त्यावर निजवलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. वडाळीभोईच्या पुढे माझ्या हातावरची त्याची पकड सुटली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “मोठी रक्तवाहिनी फुटली होती. अर्धा तास लवकर आणलं असतं तरी काही करता आलं नसतं.” मी हे वहिनींना सांगितलं.

पंधराएक दिवसांनी आम्ही दोघी त्याचे कपडे आवरत होतो. वहिनी एक शर्ट घडी करता करता थांबल्या.

“रेडिओ नीट केला नसता तर बॅटरी उतरली नसती.”

“वहिनी, डॉक्टर म्हणाले ना…”

“कळतं मला ते. वाचले नसतेच,” त्या म्हणाल्या. “पण आपल्या गाडीत गेले असते. गोणपाटावर नाही.”

मी पुढचा शर्ट घेतला आणि त्याची बटणं लावत बसले.