बोटभर कापड

आमच्या साडभाऊंइतका अंतराचा ध्यास घेतलेला माणूस अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांनी जन्मभर मोजलेली सगळी अंतरं एकापुढे एक मांडली तरी ती माझ्या नखाच्या कडेवर आरामात मावतील. साडभाऊ म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे, ताईंचे यजमान. हिंगणघाटच्या एका कापडवाल्यांचे एकुलते चिरंजीव. दुकानाची गादी सोडून हे गृहस्थ भौतिकशास्त्र शिकले आणि नव्वदचं दशक संपता संपता जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत जाऊन बसले. तिथे ते रेणूच्या पोटात एका जागेपासून दुसऱ्या जागेचं अंतर मोजत. “म्हणजे नेमकं काय करता?” असं विचारायची चूक मी एकदा नालवाडीच्या आमच्या घरी, ऐन जेवणात केली. वरण निवलं, बायकोनं ते दोनदा गरम केलं, पण साडभाऊ थांबले नाहीत. प्रथिनाचा रेणू काही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्या दोन जागांवर एकेक एकटा, बिनजोडीचा इलेक्ट्रॉन बसवायचा. असा इलेक्ट्रॉन म्हणजे इवलासा लोहचुंबक. दोघांना एकमेकांची चाहूल असते. मग एकाला लहरींचा धक्का देऊन उलटा करायचा आणि दुसऱ्याच्या सिग्नलमध्ये काय फरक पडतो ते ऐकत बसायचं. हेलकावे भरभर आले तर दोघं जवळ, संथ आले तर लांब. हे सगळं त्यांनी ताटातल्या दोन भज्यांवर समजावलं आणि समजावून झाल्यावर दोन्ही भजी स्वतःच खाल्ली. ताट माझं होतं.

घरातही त्यांना अंदाजपंचे काही चालत नसे. एकदा आमच्याकडे कॅलेंडरचा खिळा ठोकायला घेतला, तर दोन्ही भिंतींपासून सारखं अंतर साधेपर्यंत पान उलटायची वेळ आली. माणसांनाही ते हीच मोजपट्टी लावत. लग्नाच्या पंगतीत एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोन चुलतभाऊ दाखवून माझ्या कानात म्हणाले, “बोलत नाईत म्हणून लांब समजू नका. त्याचं नाव काढलं की याचा घास थांबून राह्यला, पाहा.” मी पाहिलं. खरोखरच थांबत होता. तेव्हा मला हसू आलं, पण हे ज्ञान त्यांना जर्मनीत मिळालेलं नव्हतं. ते घरचंच होतं.

कारण साडभाऊ आणि त्यांचे वडील एकमेकांशी बोलत नसत. झालं असं, की बाबांच्या दुकानात एक रीत होती. मीटर लावून कापड मोजायचं, आणि कात्री खुणेवर न चालवता बोटभर पुढे सरकवून चालवायची. “धुतल्यावर कापड आखडते,” बाबा म्हणत. कॉलेजच्या सुट्टीत, लग्नसराईत साडभाऊ गादीवर बसले आणि बरोब्बर खुणेवर कापत गेले. अल्लीपूरच्या एका नवरदेवाचा सदरा पहिल्या धुण्यातच दंडाला काचला. वऱ्हाडी मंडळी दुकानावर चालून आली. बाबांनी भर दुकानात हात जोडले, आणि चिरंजीव म्हणाले, “माप बरोबर होतं, बाबा.” बाबा म्हणाले, “मंग मापच चाटत बस.” त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. पुढे लग्न होऊन ताई त्या घरात आल्या आणि निरोप्याच झाल्या. बाबा म्हणत, “सूनबाई, तुह्या नवऱ्याले सांग, पानी तापलं.” हाताच्या अंतरावर बसलेले साडभाऊ म्हणत, “बाबांना सांग, जातो.” मला हे पाहवत नसे. दोघंही हट्टी, आणि दोघंही एकमेकांसाठी झुरणारे.

एका दिवाळीत साडभाऊ जर्मनीहून हिंगणघाटला आले होते, आम्हीही तिथे होतो. फराळ चालला होता आणि साडभाऊ मला, पण आवाज चांगला चढवून, सांगत होते की रेणू वळवळू नये म्हणून त्याला भयंकर थंडीत गोठवावं लागतं. बाबा आमच्याकडे पाठ करून धोतरांच्या घड्या घालत होते. तसेच न वळता म्हणाले, “सूनबाई, त्याले इचार, इतकं थंड केल्यावर थे आखडत नसन का?”

साडभाऊंचा हात चकलीवरच थांबला. “बाबांना सांग...” त्यांनी सुरुवात केली. पण ताई उठल्या. “मले काही सांगू नका. मायं तेल जळून राह्यलं,” म्हणून त्या आत निघून गेल्या. बापलेक दोघंही माझ्याकडे पाहू लागले. मी अख्खा अनारसा तोंडात कोंबला. आता निरोप न्यायला कोणीच उरलं नाही.

“आखडू शकते, बाबा,” साडभाऊ शेवटी त्या पाठीला म्हणाले. “त्याच्यावरून आमच्यात भांडणंच आहेत.”

“मंग काऊन नाई सोडत बोटभर?” बाबा वळले.

“बोटभरात माये दीड कोटी नॅनोमीटर जातीन, बाबा!”

“मी त हरेक गिऱ्हाइकाले देतो,” बाबा म्हणाले, आणि इतके हसले की घडी सुटली. आत ताईंनी तेल केव्हाच उतरवलं होतं. त्या दाराआड पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

त्यानंतर बापलेक बोलत राहिले. खूप बोलले असं नाही; दर आठवड्याला फोन, त्यात हवापाणी आणि कापसाचा भाव. मी साडभाऊंना एकदा विचारलं होतं, तुमच्या यंत्राला किती लांबचं ऐकू येतं? ते म्हणाले, “सात-आठ नॅनोमीटर. त्यापुढं हेलकावा इतका संथ, की एक पुरा व्हायच्या आतच सिग्नल विझते.” “म्हणजे संबंध संपला?” “संबंध असतोच. आपल्यालेच तेवढा वेळ ऐकता येत नाई.”

बाबा गेले त्या वर्षी साडभाऊ दुकान आवरायला आले. मी मदतीला होतो. शटर अर्धं खाली आलं असताना वडनेरची एक म्हातारी वाकून आत शिरली. नातीच्या परकराला कापड हवं होतं. साडभाऊ गादीवर बसले. त्यांनी मीटर लावला, खूण केली, कात्री खुणेवर ठेवली, आणि क्षणभर थांबून ती पुढे सरकवली. मी नेहमीची थट्टा केली, “साडभाऊ, किती नॅनोमीटर गेले?”

कात्री चालवता चालवता ते म्हणाले, “मोजलं नाई.”