चहाच्या पुढचा इतिहास

मार्लीन वोइत्को डिसेंबरात थकायची. आमची सगळी शाळाच डिसेंबरात थकते, पण मार्लीनचं थकणं वेगळं होतं. तास संपला की खिडकीखालच्या हीटरला कंबर टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "डॉटी, इतकी वर्षं मी त्याच बंदरात तोच चहा ओततेय. त्या खाडीचंही एव्हाना पोट भरलं असेल."

आठवीला ती अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास शिकवायची, आणि इंग्रजांच्या कराविरुद्ध लोकांनी जहाजांवरचा चहा बंदरात फेकला तो धडा दर डिसेंबरात यायचा. मी तिच्या वर्गात मागच्या बाकावर, वाचनात मागे पडलेल्या पोरांची मदतनीस. आमच्या गावातला पोलादाचा कारखाना बंद पडला, दोन चर्चांचं मिळून एक झालं, दुकानांना फळ्या ठोकल्या, तरी मार्लीन इंग्रजांच्या पहिल्या वसाहतीपासून, जेम्सटाउनपासून सुरुवात करून जूनमध्ये शाळा संपेपर्यंत पोरांना राज्यघटनेवरच्या सह्यांपर्यंत ओढत न्यायची. कंबरेतला खुब्याचा सांधा झिजला होता. डॉक्टरने तो बदलायला सांगून दोन वर्षं झाली होती.

तिची एक पद्धत होती. नाताळच्या सुट्टीआधी परीक्षा, आणि त्याआधीच्या शुक्रवारी उजळणी. वर्गाचे दोन संघ. इतिहासाचे प्रश्न ज्याला येतील त्याने उत्तर द्यायचं, पण मधूनमधून सामान्यज्ञानाचा एक प्रश्न यायचा आणि तो एकेका पोराचं नाव घेऊन विचारला जायचा. त्याचे गुण दुप्पट. आता गंमत अशी, की तो प्रश्न त्या पोराला येणारच असायचा. ज्याचा बाप शिकारीला जातो त्याला, हरणाची शिंगं कुठल्या ऋतूत गळतात. जिची आजी चर्चच्या तळघरात बटाट्याचं सारण भरून पिरोगी वळते तिला, उकळत्या पाण्यातली पिरोगी शिजली हे कसं ओळखायचं. इतिहासात शून्य मिळवणारं कार्टंही त्या दिवशी छाती काढून घरी जायचं. त्यासाठी मार्लीन सप्टेंबरपासून पोरांच्या मागे असायची. डबा काय आणलाय, बोटं कशाने काळी झाली, सगळ्या चौकशा. मी तिला म्हणायची, तू पोलिसात जायला हवी होतीस.

"ज्या वर्षी एका तरी पोरासाठी मला प्रश्न सापडणार नाही ना, त्या वर्षी मी घरी बसणार," ती म्हणायची. त्या वर्षी मात्र हे तिने चेष्टेत म्हटलं नाही. नाताळनंतर येणार की नाही, हे तिला सोमवारी मुख्याध्यापकांना सांगायचं होतं. आणि ट्रिना हॉफरसाठी तिला प्रश्न सापडला नव्हता.

ट्रिना ऑक्टोबरात आली. आईबाप असून नसल्यासारखे, म्हणून काऊंटीच्या, म्हणजे सरकारी बालकल्याण खात्याच्या देखरेखीखाली. आज या घरी, उद्या त्या घरी. अंगात कुणाचं तरी जुनं मोठं जाकीट, ते वर्गातही काढायची नाही. काहीही विचारा, खांदे उडवायची. कुत्रं आवडतं? खांदे. गाणी ऐकतेस? खांदे. मार्लीनने आठ आठवडे डोकं आपटलं आणि हात टेकले.

उजळणी रंगली. क्रेग मॅटुला नावाचं आमच्या वर्गातलं विदूषकी कार्टं प्लायमाउथच्या वसाहतीतल्या पहिल्या मेजवानीच्या उत्तरात टर्कीचा आवाज काढून गुण घालवून बसलं. मग सगळ्यांची नावं झाली आणि एकच उरलं. मार्लीन टेबलाला धरून उभी होती. चेहरा असा उतरलेला, की मला उठून तिला खुर्ची द्यावीशी वाटली.

"ट्रिना," ती म्हणाली, "तुझ्यासाठी मला प्रश्नच सुचला नाही गं. चूक माझी आहे. तूच मला एक विचार. मला नाही आलं तर दुप्पट गुण तुमच्या संघाला."

वर्गात एकच कल्ला झाला. "विचार, विचार! मिसेस व्हीचं वय विचार!" क्रेग ओरडला. मार्लीनला सगळी पोरं मिसेस व्हीच म्हणायची.

ट्रिनाने बराच वेळ जाकिटाची चेन वरखाली केली. मग म्हणाली, "ज्यांनी चहा फेकला त्यांना पकडलं का?"

"ए, हे काय सामान्यज्ञान आहे का? हा तर इतिहास झाला," क्रेग म्हणाला.

"मला पुढचं माहीत नाही," ट्रिना म्हणाली. "दर शाळेत मी चहापर्यंतच येते. ही तिसरी वेळ आहे. चहा झाला की मला न्यायला गाडी येते."

मार्लीन म्हणाली, "एखादा सापडला म्हणतात. बाकीच्यांनी कित्येक वर्षं तोंड उघडलं नाही, म्हणून वाचले."

"हं," ट्रिना म्हणाली. उत्तर तिला पटलेलं दिसलं.

मार्लीनला उत्तर आलं होतं, तरी दुप्पट गुण तिने ट्रिनाच्याच संघाला दिले. सोमवारी मुख्याध्यापकांना सांगितलं, जूनपर्यंत आहे. मी तिच्यावर चिडलेच. "कंबरेचं काय? तुला काय पदक मिळणार आहे?"

"एका पोरीला शेवटपर्यंत नेते आणि मग खुशाल मोडू दे कंबर," ती म्हणाली.

जानेवारीत तिने धडे भराभर पळवायला सुरुवात केली. लेक्सिंग्टनची लढाई एका तासात उरकली. घरी जाऊन पाय गरम पाण्यात घालून बसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्यापुढे. पोरं म्हणायची, मिसेस व्हीला कुठली तरी आगगाडी गाठायची आहे. ते खोटं नव्हतं. तरी फेब्रुवारीत, धड्यातलं अमेरिकन सैन्य व्हॅली फोर्जच्या छावणीत थंडीत कुडकुडत असताना, ऑफिसातून निरोप आला. ट्रिनाला सामान घेऊन खाली पाठवा. काऊंटीची बाई न्यायला निघाली आहे.

पोरं व्यायामाच्या तासाला गेली होती. मार्लीन जिना एकेक पायरी उतरली, कठडा धरून, आणि दारापाशीच्या बाकावर ट्रिनाशेजारी बसली. मी ट्रिनाच्या सामानाची पिशवी घेऊन उभी राहिले. बाहेर बर्फ पडत होता, आणि त्या एका दिवशी त्या बर्फाचं मला बरं वाटलं. गाडीला उशीर होणार होता.

"कुठे होतो आपण?" मार्लीनने विचारलं.

"थंडीत. बूट नव्हते."

मग मार्लीनने उरलेला सगळा इतिहास त्या बाकावर सांगितला. थंडी संपली. फ्रेंच मदतीला आले. यॉर्कटाउनला इंग्रजांनी शस्त्रं टाकली. मग सगळी राज्यं आपसांत भांडायला लागली, म्हणून फिलाडेल्फियात माणसं जमली. भर उन्हाळा, आणि आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. मार्लीनचा आवाज बसत चालला होता, पण ती थांबली नाही. दारापुढे गाडी येऊन उभी राहिली, तिचे वायपर हलत राहिले.

"मग?" ट्रिनाने विचारलं.

"मग सप्टेंबरात राज्यघटनेवर सह्या केल्या. झालं. तिथे हे पुस्तक संपतं."

"आणि ती माणसं?"

"ती सह्या होईपर्यंत थांबली आणि मग गेली आपापल्या घरी."

"सगळी?"

फिलाडेल्फियात जमलेल्यांपैकी बरेच जण मधूनच निघून गेले होते, काहींनी शेवटपर्यंत बसूनही सही केली नव्हती. सह्या कुणी केल्या, हे दरवर्षी परीक्षेत मार्लीन विचारायची, आणि 'सगळ्यांनी' असं लिहिणाऱ्याचे गुण निर्दयपणे कापायची.

"सगळी," मार्लीन म्हणाली.

"बरं झालं," ट्रिना म्हणाली. तिने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि गाडीत जाऊन बसली.