पार्बताबाईचे दोन पतंग

बोंडअळीनं कपाशी पोखरली, त्या सालची गोष्ट. लुबना अमरावतीच्या एका ऑफिसात प्रोग्राम लिहे. बाप इनायतुल्ला वरूडले संत्री निवडे. पोरगीही निवडायचंच काम करे, पण आकड्याइचं.

चार हजार शेतकरी सापळ्यात रात्री बोंडअळीचे किती पतंग पडले ते रोज सकाळी कळवत. ज्याचा शेवटचा आकडा आठाच्या वर, त्यालेच 'फवारा' असा मेसेज जाये. पण प्रोग्राम एकेका शेतकऱ्यासाठी डेटाबेसच्या दारी वेगळा जाये. चार हजार खेपा. मेसेज पोचेस्तोवर ऊन माथ्यावर, फवारायची वेळ गेलेली.

लुबना पायथॉनमधून डेटाबेसशी बोलणारी ओआरएम लायब्ररी वापरे. तिच्यात तिनं साऱ्याइसाठी एकच मोठी क्वेरी, म्हणजे डेटाबेसले इचारायचा सवाल, लिहिली अन् तिच्या पोटात छोटी सबक्वेरी: शेवटचा आकडा कोणता? यादीतल्या देवमन नावाच्या एका शेतकऱ्यावर तपासली. अकरा. बरोबर. लगेच सोडली. चार हजार मेसेज डोळ्याची पापणी लवायच्या आत गेले. साहेब केयूर म्हणे, "बैलगाडीले पंख लावले तू."

अर्ध्या घंट्यात नांदगाव खंडेश्वरहून पार्बताबाईचा फोन.

"कावं पोरी, माह्या सापळ्यात दोन पतंग. मंग तुह्यं यंत्र फवारा काहून म्हणते? माह्या जावेलेही तोच मेसेज. पंप पाठीवर घेऊन उभी आहो मी."

लुबनानं पाह्यलं. सबक्वेरीले 'कोणाचा' हे सांगतलंच नव्हतं. साऱ्या यादीतला शेवटचा आकडा उचलून त्या सबक्वेरीनं सगळ्याइच्या माथी मारला. तो नेमका देवमनचा अकरा, म्हणून साऱ्याइले 'फवारा' गेलं, अन् त्याच्यावर तपासताना खोटंही खरं दिसलं. आता हजारो वावरात बिनकामाचं जहर, अन् फवारणाऱ्याच्या नाकातोंडात.

केयूर म्हणे, "चुपचाप दुरुस्त कर. कबूल केलं तं उद्या इश्वास कोण ठेवीन?"

"अन् आज फवारतीन त्याइचं काय, सर?"

तिनं आधी मेसेज सोडला: 'फवारू नका. आपल्याच सापळ्यातले पतंग पाहा, आठाच्या वर असतील तरच फवारा. चूक माझी. लुबना.' खाली स्वतःचा नंबर. मंग सबक्वेरीत एक ओळ घातली: बाहेरच्या क्वेरीत जो शेतकरी चालू आहे, त्याचाच आकडा आण.

दिवसभर शिव्या खाल्ल्या, "हो काका" म्हणत. बत्तीस जण फवारून बसले होते. त्याइले तीन दिवस फोन करून इचारलं, डोळे चुरचुरतात का.

तवापासून क्वेरी बदलली की ती पह्यले फोन लावे.

"मावशी, आज किती?"

"तीन," पार्बताबाई म्हणे. "अन् तुह्याकडं किती दिसते, ते सांग आधी."